लग्नाचा गुच्छ, आपल्या शेतातला



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या सिल्लोड तालुक्यात लग्नसराईची गडबड सुरू होते. पत्रिका वाटणं, बस्ता, रुखवताची तयारी, स्वयंपाकाची भांडी गोळा करणं, यात बचत गटाच्या ताया सगळ्यात पुढे असतात. या सगळ्यात गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू घुसली आहे. ती म्हणजे बुके, आपल्या भाषेत फुलांचा गुच्छ. स्वागत समारंभाला नवरी हातात गुच्छ धरते, फोटोवाला तसं सांगतोच. शिवाय स्टेजवर पाहुण्यांचे आणि पुढाऱ्यांचे सत्कार. अक्षता हातात धरून लोक ताटकळतात, पण सत्काराची यादी काही संपत नाही!

हे गुच्छ येतात कुठून? बहुतेक सिल्लोडच्या किंवा संभाजीनगरच्या दुकानातून. आणि जातात कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागे बघा. चमकीचा कागद, प्लास्टिकची जाळी, सुकलेली फुलं, सगळं उकिरड्यावर. पैसा गावातला गेला आणि कचरा तेवढा गावात राहिला.

मासिक बैठकीत ताया विचारतात, "मॅडम, पापड-लोणचं सगळेच करतात, दुसरं काय करता येईल?" म्हणून या अंकात एक वेगळा विषय घेतला आहे. मक्याच्या कणसावरची पानं, कापसाची बोंडं, ज्वारीची कणसं, आईच्या जुन्या साडीचे काठ, इतकंच काय लाल मिरची, यांचे लग्नासाठी सुंदर गुच्छ होतात. ते कसे करायचे, काय काळजी घ्यायची आणि त्यांची किंमत कशी काढायची, ते बघू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, ती शेवटपर्यंत लक्षात ठेवा. शेतातला माल फुकट मिळेल, पण तुमचे हात फुकट नाहीत.

ही कल्पना आपल्याला परकी आहे का?

हातात गुच्छ धरून लग्नाला उभं राहायची चाल आपल्याकडे मुख्यतः ख्रिस्ती कुटुंबांतली. वसईला, गोव्याला ती जुनीच आहे. बाकीच्यांकडे हार, मुंडावळ्या, बाशिंग, निकाहमध्ये सेहरा. पण लग्नात ताजी फुलंच लागतात असं आपल्याकडे कधीच नव्हतं. पूर्वी नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग भेंडाचं असायचं. भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झाडाचा पांढरा, हलका गाभा. कारागीर तो कापून त्याची फुलं, पाकळ्या, झालर करत. बंगालमध्ये याच गाभ्याला शोला म्हणतात, आणि तिथल्या नवरदेवाचा उंच पांढरा टोप आजही शोल्याचाच असतो. म्हणजे पाण्यात उगवलेल्या झाडावर तिथल्या कारागिरांची घरं चालतात. मग शेतात उगवलेल्या मक्यावर आपल्या गटाची थोडी कमाई का होऊ नये?

आणि हातात फूल धरायचं म्हणाल, तर जगातला त्याचा सगळ्यात नावाजलेला नमुना आपल्या शेजारीच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र आहे. पद्मपाणी म्हणजे ज्याच्या हातात कमळ आहे तो. त्याच लेण्यांच्या छतांवर कमळं आणि वेलबुट्टी भरभरून रंगवलेली आहेत. गुच्छासाठी नक्षी शोधायला मोबाइल उघडण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

मक्याच्या पानांची फुलं

आपल्या तालुक्यात मका किती होतो हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या आसपास कणसं सोलली की पानांचा ढीग पडतो. थोडी जनावरं खातात, बाकी वाया जातात. त्यातली निवडक पानं आपल्याला हवीत.

कणसावरची बाहेरची दोन-तीन पानं जाड आणि डागाळलेली असतात, ती सोडा. आतली पानं मऊ, पांढरट, कागदासारखी असतात. फुलांसाठी तीच घ्या. अळीची घाण किंवा बुरशीचे काळे ठिपके असलेलं पान घेऊ नका. निवडलेली पानं सावलीत वाळवा आणि वर पाटा किंवा जड पाट ठेवा, म्हणजे सपाट राहतील. उन्हात वाळवली तर कुरकुरीत होऊन तुटतात.

फुलं करायच्या दिवशी पानं कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि कपड्यात दाबून पाणी टिपून घ्या. ओलं पान कापडासारखं वळतं. आता एक पट्टी लांबीत दुमडून गुंडाळा, ही झाली मधली कळी. मग चार बोटं लांब, दोन बोटं रुंद, टोकाला गोल अशा पाकळ्या कापा. एकीवर दुसरी थोडी चढवत कळीभोवती पाच-सहा पाकळ्या लावा आणि खाली सुती दोऱ्याने घट्ट बांधा. पाकळीचं टोक पेन्सिलीवर किंवा चमच्याच्या दांड्यावर गुंडाळून सोडलं की गुलाबासारखं वळण येतं. देठासाठी बांधकामाची बारीक तार किंवा तुरीच्या काड्या चालतात. तयार फूल रात्रभर वाळू द्या. सकाळी ते त्याच आकारात कडक झालेलं असतं.

रंग हवा असेल तर फूल करण्याआधी पानं रंगवायची. कांद्याची साल पाण्यात उकळा, गाळा, त्यात थोडी तुरटी टाका आणि पानं अर्धा तास मंद आचेवर ठेवा. छान सोनेरी रंग येतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळसर मातकट येतो. फाल्गुनात बांधावरचा पळस फुलला की खाली पडलेली फुलं गोळा करून वाळवून ठेवा, त्यांचा केशरी-पिवळा रंग निघतो. हळदीचा रंग दिसतो भारी, पण उन्हात लवकर उडतो. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगा, म्हणजे नंतर कुरबुर नाही.

पहिली दहा फुलं वाकडीतिकडी होतील. ती घरातच ठेवा. पंधराव्या फुलापासून हात बसतो.

कापसाची बोंडं

फुटलेलं बोंड हे तयार फूलच आहे. वाळक्या तपकिरी कवचात पांढराशुभ्र कापूस! पऱ्हाटीची अशी पाच-सहा बोंडं असलेली फांदी बेताने कापली, तीन-चार फांद्या एकत्र बांधल्या आणि खाली सुती कापडाची पट्टी गुंडाळली की गुच्छ तयार. परदेशात अशा कापसाच्या गुच्छांना लग्नात मागणी असते. आपण मात्र पऱ्हाटी उपटून पेटवून देतो.

आता थोडा हिशेब करू. एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस असतो. पंधरा बोंडांच्या गुच्छात झाला सत्तर ग्रॅम. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने सत्तर ग्रॅम कापसाचे होतात जेमतेम सव्वापाच रुपये. तोच कापूस गुच्छात गेला तर त्याची किंमत कितीतरी वाढते. ही वाढ आली कुठून? तुमच्या निवडण्यातून, कापण्यातून, बांधण्यातून. हाताची किंमत म्हणते ती हीच.

पण काळजी घ्यायची आहे. गुलाबी बोंडअळी बोंडात आणि जोडलेल्या सरकीत लपून राहते. म्हणूनच कृषी विभाग सांगतो की हंगाम संपला की पऱ्हाटी शेतात किंवा घराजवळ रचून ठेवू नका. आपण गुच्छासाठी घरात पऱ्हाटी साठवली आणि त्यातून पुढच्या वर्षी अळी शेतात गेली, तर गुच्छाची कमाई फवारणीत जायची. म्हणून तीन नियम पाळा. भोक पडलेलं, डागाळलेलं, अर्धवट उमललेलं बोंड घ्यायचं नाही. निवडलेली बोंडं कडक उन्हात काही दिवस चांगली तापवायची. आणि मग तोंड बांधलेल्या पिशवीत ठेवून तेवढ्याच लग्नसराईत वापरून संपवायची, उरलेली नष्ट करायची. शेवटच्या फवारणीनंतर लगेच बोंडं तोडू नका, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

ज्वारीची कणसं, गव्हाच्या ओंब्या

आपल्याकडे नवरीची ओटी धान्याने भरतात. मग गुच्छ धान्याचा असला तर? ज्वारीची भरगच्च कणसं, बाजरीची लांब कणसं, गव्हाच्या ओंब्या, मध्ये चार मक्याची फुलं. दिसायला डौलदार, आणि अर्थ आजीलाही समजावून सांगावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून शहरातल्या लोकांनाही ज्वारी-बाजरीचं कौतुक वाटायला लागलंय. त्याचा फायदा घ्या.

कणीस पूर्ण वाळून दाणे गळायला लागण्याआधी, हातभर देठ ठेवून कापा. आठ-दहा कणसांची जुडी बांधून देठ वर, कणीस खाली अशी सावलीत टांगा. पंधरा दिवसांत देठ सरळ वाळतो. उभी ठेवली तर मान वाकते. उंदरांपासून सांभाळा आणि साठवताना कडुलिंबाचा वाळका पाला टाका. लग्न झाल्यावर हा गुच्छ अंगणात टांगला की चिमण्या येऊन दाणे खातात. गिऱ्हाइकाला हे जरूर सांगा. लोकांना ते आवडतं.

आईच्या साडीचा गुच्छ

हा गुच्छ विकायला महाग आणि करायला नाजूक. नवरीच्या आईची, आजीची जुनी, विरलेली साडी असते. नेसता येत नाही आणि टाकवत नाही. तिचे चांगले राहिलेले काठ आणि पदर कापून त्यांची फुलं करायची. पाकळीच्या कडा मेणबत्तीवर शेकवायची पद्धत फक्त सिंथेटिक कापडाला चालते. सुती आणि रेशमी कापडाची कड दुमडून शिवावी लागते. गोधडी शिवणाऱ्या तायांना हे काम शिकवावंच लागत नाही.

साडी कापण्याआधी घरातल्या मोठ्या बाईची परवानगी स्वतः विचारा. एकदा कात्री लागली की परत फिरता येत नाही. आणि पैठणी हे नाव जपून वापरा. पैठण आपल्याच जिल्ह्यातलं. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे बाजारातल्या साध्या काठाला "पैठणीचा गुच्छ" म्हणून विकायचं नाही. खऱ्या जुन्या पैठणीचा काठ गिऱ्हाइकाने आणून दिला तर गोष्ट वेगळी.

या गुच्छात माहेरच्या अंगणातली एखादी डहाळीही घालता येते, तुळशीची मंजिरी, मोगऱ्याची कळी. इंग्लंडच्या राजघराण्यात अशीच रीत आहे. राणी व्हिक्टोरियाच्या बागेतल्या मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी १८५८ मध्ये तिच्या मोठ्या लेकीच्या गुच्छात होती, आणि पुढच्या पिढ्यांतल्या नवऱ्यांनीही ती रीत चालू ठेवली. राजाच्या घरी काय किंवा आपल्या घरी काय, लेकीला माहेरचं काहीतरी सोबत हवंच असतं.

सत्काराचे गुच्छ: मिरची, भाजी आणि पुस्तक

नवरीचा गुच्छ एका लग्नात एकच लागतो. सत्काराचे मात्र पंधरा-वीस लागतात. तेव्हा गटासाठी खरं काम इथे आहे, आणि इथे थोडी गंमतही करता येते.

आपल्या भागाची मिरची दूरदूरच्या बाजारात जाते. पिकून लाल झालेल्या मिरच्या देठाला दोऱ्याने बांधून, मध्ये कडीपत्त्याच्या हिरव्या डहाळ्या घालून गुच्छ केला तर स्टेजवर सगळ्यांचं लक्ष जातं. घरी नेऊन वाळवली की तीच मिरची तिखटाला येते. बांधताना हातावर तेल चोळा, डोळ्याला हात लावू नका आणि लेकरांना लांब ठेवा. नवरीच्या हातात मात्र मिरचीचा गुच्छ नको, मेहंदीच्या हातांची आग होईल!

तसाच मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा गुच्छ. पण तो त्याच दिवशी सकाळी बांधायचा, ओल्या फडक्यात ठेवायचा. पाहुण्यांच्या घरी संध्याकाळी भाजी होते आणि गुच्छ कोणी दिला ते लक्षात राहतं. ज्या घरी शिकलेली मंडळी आहेत तिथे एक छोटं पुस्तक आणि त्यावर मक्याचं एकच फूल बांधून द्या. "बुके नको, बुक द्या" हे आता पुष्कळ लोक म्हणतात, पण नुसतं पुस्तक हातात दिलं तर फोटो उठून दिसत नाही. एक फूल लावलं की दोन्ही साधतं.

हे टाळा

दुकानातल्या गुच्छात देठ खुपसायला हिरवा स्पंज असतो. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. चुरा होतो पण मातीत कुजत नाही. इंग्लंडमधल्या चेल्सीच्या मोठ्या पुष्पप्रदर्शनात २०२१ पासून तो वापरायला बंदी आहे. आपले गुच्छ वाळक्या मालाचे असल्यामुळे त्याची गरजच नाही. देठ सुतळीने बांधा, वर कापडाची पट्टी गुंडाळा.

चमकीचा प्लास्टिक कागदही नको. जुनी वर्तमानपत्रं, खाकी कागद, सुती कापड चालेल. प्लास्टिकची गुलाबं तयार आणून मध्ये घुसवली तर गुच्छ लवकर भरतो, पण मग आपल्यात आणि दुकानात फरक काय उरला?

आणखी एक. अजिंठ्याच्या डोंगरातल्या राखीव जंगलातून फांद्या, गवत, फुलं तोडून आणायची नाहीत. आपल्या शेतातलं, बांधावरचं, अंगणातलं पुष्कळ आहे.

किंमत कशी काढायची?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गटांत वस्तूची किंमत काढताना ताया सामानाचे पैसे धरतात आणि मजुरी सोडून देतात. "घरी बसून तर केलं, त्याचे काय पैसे घ्यायचे?" असं म्हणतात. हीच बाई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेली तर किलोवर पैसे मोजून घेते. मग स्वतःच्या ओट्यावर बसली की तिचा वेळ फुकट कसा झाला?

एक आधार धरा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३७ रुपये. हिशेबाला सोपं म्हणून आपण ४० धरू. आता नवरीच्या मक्याच्या गुच्छाचा नमुना हिशेब बघा. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

- पानं गोळा करणं, वाहून आणणं: १० रुपये
- तार, काड्या: १५ रुपये
- दोरा, कापडाची पट्टी: २० रुपये
- रंग, तुरटी, सरपण: १० रुपये
- खोकं, कागद: २५ रुपये
- पोहोचवायचा खर्च: २० रुपये
- सामानाची बेरीज: १०० रुपये
- मजुरी, ४ तास × ४० रुपये: १६० रुपये
- तूट-फूट (सामान आणि मजुरीच्या दहा टक्के): २६ रुपये
- गटाचा वाटा: ३४ रुपये
- एकूण: ३२० रुपये

म्हणजे ३२० ही या गुच्छाची तळाची किंमत. याच्या खाली कोणी मागितलं तर समजा की ते तुमच्या मजुरीतून कापून मागतायत. गिऱ्हाईक नात्यातलं असलं तरी हिशेब वहीत पूर्ण लिहा, आणि सूट द्यायची तर "सूट" म्हणून लिहा. लिहिलेली सूट दिसते. न लिहिलेली मजुरी कुठेच दिसत नाही.

सत्काराचा छोटा गुच्छ अर्ध्या तासात होतो. सामान २०, मजुरी २०, तूट-फूट ४, गटाचा वाटा ६, असे ५० रुपये. पंचवीस गुच्छांची ऑर्डर १,२५० रुपयांची होईल, त्यात मजुरी ५०० रुपये. पाच जणींनी मिळून केलं तर प्रत्येकीला अडीच तासांचे १०० रुपये. खरं तेच सांगते, यातून कोणाचं घर चालणार नाही. पण मका सोलणी संपलेली असते, कापूस वेचणी सरत आलेली असते, आणि उन्हाळ्यात रानात काम नसतं. नेमकी तेव्हाच लग्नं असतात. हातात काम नसलेल्या दिवसांत आलेले हे पैसे आहेत. शिवाय यासाठी मशीन घ्यायचं नाही, कर्ज काढायचं नाही. कोणी म्हणालं की "आधी दहा हजारांचं सामान घ्या, मग ऑर्डर देतो", तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ऑर्डर घेताना

आधी दोन-तीन नमुने करा आणि उजेडात, साध्या भिंतीपुढे त्यांचे फोटो काढा. गावातला फोटोवाला, मांडववाला आणि ब्यूटी पार्लरवाली ताई, या तिघांना नमुना दाखवा. लग्न ठरलं की सगळ्यात आधी यांनाच कळतं. ऑर्डर लेखी घ्या: तारीख, नग, रंग, किंमत. निम्मे पैसे आगाऊ घ्या. हात बसेपर्यंत एका आठवड्यात एकच लग्न घ्या, दोन घेऊ नका. लग्नाच्या दिवशी गुच्छ पोहोचला नाही, तर ते घर पुन्हा कधी ऑर्डर देणार नाही.

आणि ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा, नवरीचं वय. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण नसतील तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. लग्न लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वय विचारायला अवघड वाटतं, मला माहीत आहे. म्हणून "गटाचा नियम आहे, सगळ्यांनाच विचारतो" असं सांगा. पोरगी लहान आहे असं कळलं तर ऑर्डर घेऊ नका आणि तिथेच थांबूही नका. ग्रामसेवक हे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना किंवा अंगणवाडी ताईंना सांगा, नाहीतर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा. फोनला पैसे लागत नाहीत आणि नाव गुप्त ठेवतात. दहावीतल्या पोरीच्या हातात आपला गुच्छ देऊन मिळालेले ३२० रुपये आपल्याला नकोत.

गुच्छ कोणाच्या हातचा?

शेवटचा मुद्दा. आपल्या जवळपास प्रत्येक गटात एकल ताया आहेत. काहींचे मालक वारले, काहींनी आत्महत्येचं दुःख सोसलं. लग्नघरात स्वयंपाकाला, भांड्यांना त्यांचे हात चालतात. पण हळद लावायची वेळ आली की त्या भिंतीकडे सरकतात. कोणी सांगावंही लागत नाही. मग "तिच्या हातचा गुच्छ नवरीला कसा द्यायचा?" असा प्रश्न कोणीतरी काढणारच.

तेव्हा हे सांगा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. गावाने ठराव करायचा तेव्हा करेल. पण गटाने आपल्यापुरता नियम आजच करायला काय हरकत आहे? काम सगळ्यांना सारखं, मजुरी सगळ्यांना सारखी, आणि गुच्छ कोणी बांधला याची चौकशी नाही. ज्या घराला हे चालत नाही, त्या घराची ऑर्डर गटाने नाकारायची. एका ताईला भिंतीकडे सरकवून मिळवलेले पैसे गटाच्या वहीत शोभत नाहीत.

आता काय करायचं?

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने दहा चांगली मक्याची पानं, पाच स्वच्छ बोंडं किंवा चार कणसं घेऊन या. सोबत कात्री आणि दोरा. बैठकीनंतर तासभर बसू आणि एकेक फूल करून बघू. कोणाला किती वेळ लागला तो पाटीवर लिहू, कारण मजुरीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. ज्या गटाला पुढे जायचंय त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत नाव द्यावं. त्या गटांसाठी नमुने आणि किंमतपत्रक आपण मिळून तयार करू.

कात्री विसरू नका!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सिल्लोड